'सात खिडक्यां'ची न उघडलेली प्रत

मी, शुन्साकु मियाजी, वय एक्याऐंशी, कामिनोसे गावच्या शाळेचा निवृत्त भाषाशिक्षक, आज सकाळी घराच्या पुढच्या खोलीत, चष्मा नीट पुसून हे लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. सहावीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता अजून ओळीने म्हणून दाखवतो, लोक नको म्हणाले तरी. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीला पाडलेले नाही. गेल्या हिवाळ्यात केलेले मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. ते का मोडले, हे पुढे येईलच.

कलम १. घर, घरामागची युझूची, म्हणजे आमच्याकडच्या सुवासिक लिंबांची, अकरा झाडे आणि पोस्टातली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी कानाए, राहणार ओसाका, हिला मिळावी. छाटणीची कात्रीही तिचीच. झाडे विकली तरी माझी तक्रार नाही. मात्र विकण्याआधी फुलांच्या दिवसांत एकदा त्यांच्याखाली उभे राहावे, फोन घरात ठेवून.

कलम २. कवितांच्या वह्या गावच्या वाचनालयाला. तिथे जागा नसेल तर पानांच्या कोऱ्या पाठीवर चित्रे काढायला लहान मुलांना द्याव्यात. त्यांत माझ्या स्वतःच्या कविता आहेत, त्या आधी द्याव्यात.

कलम ३. 'कोहारुगुमी' या सात गाणाऱ्या मुलींच्या चित्रगीतांची डिस्क, नाव 'सात खिडक्या', हिच्या तीन प्रती. या वयात मला हे कसले वेड, असे कोणी म्हणेल, म्हणून सविस्तर लिहितो.

त्यातले तिसरे गाणे आमच्या शाळेत चित्रित झाले. पटावर एकही मूल उरले नव्हते, म्हणून शाळा बंद झाली होती. पुढच्याच वर्षी ती पाडली. आता तो लाकडी व्हरांडा, काळा फळा आणि माझा पाचवीचा वर्ग फक्त त्या गाण्यात उभा आहे. चित्रीकरणाच्या दिवशी माझ्याकडे अंगणातली घंटा वाजवण्याचे काम होते. माझी पत्नी फुमिए हिने सगळ्यांसाठी भाताचे गोळे केले होते. कॅमेरा चालू असताना ती चहाची किटली घेऊन सरळ व्हरांड्यातून चालत गेली. दिग्दर्शकाने ते तसेच ठेवले. तीन सेकंद.

मग जेवताना त्या साती जणी तिच्याभोवती बसल्या. एकीने काहीतरी विचारले, फुमिएने उत्तर दिले, आणि सगळ्या अशा हसल्या की मला घंटेपाशी ऐकू आले. तिथेही कॅमेरा चालू होता. घरी आल्यावर मी विचारले, "काय सांगितलंस गं त्यांना?"

"तुमच्याबद्दलच होतं. डिस्क निघेल तेव्हा ऐका. आयुष्यभर पोरांना थांबायला शिकवलंत ना, अहो? आता तुम्ही थांबा जरा."

डिस्क निघाली त्याच्या महिनाभर आधी फुमिए गेली.

शाळेची जागा बघायला चाहते येत. त्यांतल्या एका मुलीने मला त्यांची रीत सांगितली: प्रती तीन घ्यायच्या. एक पाहायला, एक जपायला, एक इतरांना गोडी लावायला. मी शिस्तीचा माणूस, तीन घेतल्या. पहिल्या आवृत्तीची एकच मिळाली, ती रीतीप्रमाणे जपायला ठेवली. चित्रीकरणाच्या दिवसाच्या गप्पांची जादा डिस्क फक्त तिच्यात आहे, हे मला नंतर कळले. पण तोवर फुमिएच्या तसबिरीशेजारी ती प्रत जाऊन बसली होती.

(अ) पाहायची प्रत गावच्या सभागृहाला. तिसऱ्या गाण्यात ती अडकते, कारण उघड आहे.

(आ) गोडी लावायची प्रत न्हावी इवागो याने अकरा वर्षांपूर्वी आठवड्याच्या बोलीवर नेली. विचारले की म्हणतो, "गुरुजी, दुकानात रोज लावतो. गोडीच लावतोय ना!" साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असे नोटरी बाईंनी सांगितले. म्हणून मी त्यालाच साक्षीदार केले आहे.

(इ) जपायची प्रत. फुमिएच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीनंतर कानाएने ती हातात घेऊन वेष्टनाला नख लावले. मी हिसकावून घेतली.

"मला आईचा आवाज ऐकायचाय, बाबा."

"ही जपायची आहे."

"कुणासाठी?"

मी ती परत तसबिरीशेजारी ठेवली. ती संध्याकाळच्या बसने गेली. त्यानंतर दर नवीन वर्षाला तिचे कार्ड येते, छापील.

उत्तर आज लिहितो. वेष्टन शाबूत आहे तोवर फुमिएला मला अजून काहीतरी सांगायचे आहे. ते ऐकले की तिचे सगळे सांगून झाले.

म्हणून आधीच्या मृत्युपत्रात ही प्रत तशीच माझ्या शवपेटीत ठेवावी, असे लिहिले होते. गेल्या आठवड्यात दहनगृहात चौकशी केली. तिथला माणूस म्हणाला, "आजोबा, प्लॅस्टिक चालत नाही. फुलं ठेवा, पत्र ठेवा." इवागोला हे सांगितले, तर वस्तरा थांबवून म्हणाला, "अकरा वर्षं जाळायला जपलीत होय? गुरुजी, निदान माझी वाजते तरी!"

अर्धी दाढी तशीच ठेवून मी त्याच्या दुकानातून कानाएला फोन केला. मृत्युपत्रासाठी पत्ता हवा, असे निमित्त सांगितले.

"पत्ता कार्डावर असतो, बाबा. दरवर्षी."

"हो. ती प्रत तुझ्या नावावर करतोय."

ती म्हणाली, "उघडायची की जपायची?"

"तूच सांग."

"शनिवारी येते. कविता म्हणू नका म्हणजे झालं."

तरी हे कलम माझ्या मरणासाठी थांबणार नाही. येत्या शनिवारी दुपारच्या बसमधून कानाए उतरली की ते अमलात येईल. वेष्टन तिनेच युझूच्या कात्रीने कापावे. मी शेजारी बसेन. फुमिए बोलेल तेव्हा मी मध्ये एक ओळही म्हणणार नाही, हे या कागदावर लिहून देतो.

वाचून, समजून सही व शिक्का: शुन्साकु मियाजी

आमच्यासमोर सही झाली:
१. नोए कुबोकावा, पोस्टमास्तरीण
२. इवागो तोकुहिरो, न्हावी (माझ्याकडची प्रत शनिवारी आणतो. मलाही ऐकू द्या.)

स्थळ: कामिनोसे, कोची प्रांत
गुरुवार, १८ एप्रिल २०२४