मामांचं उत्तरायण

उंद्री (ता. चिखली), रविवार, ८ फेब्रुवारी

चि. अविनाश यास,

चिंतूदादाचे आशीर्वाद. गुवाहाटीची थंडी ओसरली का, तुझा खोकला गेला का, सुलभाची शाळा सुरळीत आहे का, ते कळव. इकडे मामींची तब्येत बरी आहे, गुडघे सोडून. माझीही बरी आहे, झोप सोडून.

झोपेचं कारण सांगण्यासाठीच हे पत्र. तू तेरा दिवस इथे होतास. त्या तेरा दिवसांत सांगायला म्हणून मी रोज तोंड उघडलं आणि रोज चहा मागितला. (त्यामुळे माझं पित्तही वाढलं, पण ती माझ्या वाट्याची शिक्षा समज.)

दसऱ्याला डॉक्टरांनी मामांचं हृदय तपासून, महिना काढला तरी खूप, असं सांगितलं ते तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. डॉक्टरांची पाठ वळताच तुझ्या वडिलांनी जाहीर केलं की आपण संक्रांतीआधी जाणार नाही. दक्षिणायनात गेलेल्याला वरचं दार बंद असतं, उत्तरायणात उघडं. सत्त्याऐंशी वर्षांचा, जन्मभर वांगी-मिरची पिकवलेला माणूस. हंगामाआधी काही तोडायचं नाही हा त्यांचा नियमच होता. आणि खरोखर तगले की रे. महिना गेला, दीड गेला, भाकरीवर ठेचा मागू लागले. डॉक्टर त्यांची नाडी धरून माझ्याकडे बघायचे, जणू मीच काही औषध चोरून देत होतो.

इथे मी आडवा आलो. पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला, कुणी चुकीची तारीख धरून बसलेलं बघवत नाही (हा दोष आहे हे आता कळतं, नोकरीत असताना त्याला ज्ञान म्हणत). मी रोज दुपारी पेपर वाचून दाखवायला जायचो. एकदा सांगून टाकलं की सूर्य खरा वळतो तो एकवीस डिसेंबरला. सतराशे वर्षांपूर्वी तो दिवस आणि संक्रांत एकत्र येत. पण पृथ्वी भोवऱ्यासारखी डुलते, त्यामुळे बहात्तर वर्षांनी एक दिवस असं करता करता दोघांत साडेतीन आठवड्यांचं अंतर पडलं. कांद्यात काडी खुपसून पृथ्वीचा कल दाखवला. मामांनी कांदा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, “माल चांगला आहे.”

मग मी हट्टाला पेटलो. रोज मावळतीला खिडकीच्या गजाची सावली समोरच्या भिंतीवर जिथे पडे, तिथे पेन्सिलीने खूण करू लागलो. सूर्य दक्षिणेला सरके तशी सावली उत्तरेला जाई. आधी बोटभर, मग ज्वारीच्या दाण्याएवढी, मग हलेचना. मामांना नाद लागला. दुपारी चारपासून भिंतीकडे तोंड करून बसत. मी यायला उशीर केला तर मामींना हाक मारायला पाठवत. अरे, सगळ्या नोकरीत माझं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. मला ते गोड वाटलं, हे कबूल करतो.

एकवीसच्या संध्याकाळी शेवटची खूण केली. मामांनी सगळ्या खुणा बोटाने मोजल्या.

“म्हंजे आजच वळते सूर्य?”

“आजच.”

“पक्कं बे?”

“पक्कं. कुठल्याही वेधशाळेला विचारा.”

“मंग संक्रांतीपावतर काऊन अडकून राहू मी?”

मी हसलो, अविनाश. वाद जिंकलेल्या माणसासारखा हसलो. बारा जानेवारीचं तुझं तिकीट मला पाठ होतं. “अविनाश येऊन राह्यला, तेवढं थांबा,” हे पाच शब्द बोलायला किती वेळ लागतो? मी त्याऐवजी सूर्य रात्री किती वाजून किती मिनिटांनी वळेल ते सांगत बसलो.

सकाळी त्यांनी गरम पाण्याने अंघोळ घालायला लावली, चतकोर भाकरी खाल्ली, उन्हात खाट मागितली आणि आठच्या सुमारास गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तू पोचलास. अग्नी मी दिला होता, आणि तू माझ्याच गळ्यात पडून रडलास. त्या वेळी मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

गावाची हळहळ आणखी वेगळी. इतका तगला आणि संक्रांतीला तीन आठवड्यांनी हुकला, म्हणतात. मी घरोघर जाऊन पृथ्वी कशी डुलते ते सांगून आलो. कुणालाही पटलं नाही. ज्या एकाला पटलं होतं, तो राहिला नाही. डॉक्टर म्हणतात, भूगोलाने माणूस मरत नाही. पण ज्याने एका महिन्याचे अडीच करून दाखवले, त्याला आणखी तीन आठवडे जड गेले नसते, असं मला वाटत राहतं.

माझ्यावर रागाव. मात्र पत्रातून रागाव. फोनवर मला नीट ऐकू येत नाही.

तुझा अपराधी,
चिंतूदादा

ता. क. आता खरं काम. परवा मेथी निवडता निवडता मामींनी सहज विचारलं, “चिंतू, हे उत्तरायण संपते कधी?” मी हातातली पेंढी खाली ठेवली. मी पंचांगातली सोळा जुलै सांगितली. खरी तारीख एकवीस जून आहे, ती त्यांना तू चुकूनही सांगू नकोस. आणि मे महिन्यात रजा काढून ये. तिकिटाची तारीख त्यांना आजच फोन करून कळव. मी सांगणार नाही, माझ्या तारखांवर माझाच विश्वास राहिलेला नाही.

आणखी एक ता. क. घाबरून मी मामींना हेही म्हणालो, की उत्तरायणाची घाई कशाला, ते दरवर्षी येतं. यंदाचं गेलं तर पुढचं आहे, सूर्य कधी चुकत नाही. मामींनी मेथी बाजूला सारली आणि विचारलं, “मंग हे तुह्या मामाले काऊन नाही सांगतलं?”