सात अक्षरांचा फरक

१२ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोनवर तू गुडघ्याचं सांगतेस, मी हो हो म्हणते आणि विचारायचं राहूनच जातं.

तू पाठवलेली माती आठवते? मातीतल्या जिवाणूंनाही आजारी पाडणारे विषाणू असतात. मी ते वेगळे काढते, त्यांचा जीनोम, म्हणजे जनुकांची सगळी अक्षरं, वाचते आणि एकमेकांशी ताडून बघते. दहा ठिकाणच्या मातीतून दहा विषाणू निघाले. कुणाचं कुणाशी धड जुळणार नाही, असंच वाटलं होतं. पण तुझ्या मातीतला आणि आईच्या परसातला? बावन्न हजार अक्षरांत फक्त सात वेगळी! तुम्हा दोघींच्या मध्ये आगगाडीचा अख्खा दिवस आहे. माझं डोकं भंजाळलंय.

माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक बाई म्हणतात, तू आईचीच माती चुकून दोन्ही नळ्यांत भरलीस. तसं असतं तर ती सात अक्षरंही जुळायला हवी होती ना? मी पुन्हा वाचून पाहिलं, तीच सात वेगळी. फेब्रुवारीअखेर प्रबंध द्यायचाय, त्यातून हे पान गाळ म्हणतात. एका नळीत घोळ घालणारीच्या बाकीच्या नळ्यांवर विश्वास कसा ठेवायचा, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या.

पिशवीवर तुझ्या अक्षरात 'नदीकाठचं मोठं झाड, चार बोटं खोल' असं आहे. तिथलीच ना माती? आईला विचारलं, तर तुझं नाव ऐकून तिनं भांडी जरा जोरात घासली. बाबा गेल्यापासून नऊ वर्षं तुमचं बोलणं ते एवढंच.

लोभ आहेच, तो या चौकशीनं आटू नये.
तुझी भिंगरी

१९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं, तिन्ही वेळा वेगळं समजलं. आधी एक सांगते, माझ्याकडून विषाणू आला असं चारचौघांत बोलू नकोस. मी रोज फिनेलनं फरशी पुसते.

माती नदीकाठचीच. दोन्ही पिशव्या तुझ्याकडे शेजारी पडल्या असतील. नाहीतर वारा असेल. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, पक्ष्यांच्या पायाला चिकटून काय वाटेल ते जातं. मला काही कळत नाही. बाई गाळ म्हणतात तर गाळून टाक ते पान. माती ती माती.

जेवण वेळेवर घे.
तुझी आत्या

२४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न.

काल बाईंनी माझ्या वह्या, नळ्या, फ्रीजमधला माझा खण, सगळं दुसऱ्या मुलीकडे तपासायला दिलं. तीन वर्षांचं काम आहे गं. ती एकेक नळी उजेडात धरून बघत होती आणि मी बाजूला उभी. आता मलाच वाटायला लागलंय, मीच काहीतरी केलं असेन. काय, ते आठवत नाही. फार रडू येतं.

भिंगरी

२९ जानेवारी

चि. भिंगरीस,
पोटभर आशीर्वाद.

रडू नकोस, तू काही केलेलं नाहीस. खोटं मी बोलले. गुडघा धरला होता, नदीपर्यंत जाववेना. गच्चीतल्या कुंडीतली माती भरली आणि पिशवीवर नदी लिहून टाकली. एवढं वाचता येतं तुम्हाला, हे मला काय ठाऊक!

कुंडी गुलाबाची आहे. तुझा बाबा, माझा दादा गेला, तेव्हा मला उशिरा कळवलं म्हणून मी वहिनीला नको नको ते बोलले आणि तडक निघाले. घरी येऊन सामान सोडलं तर तळाशी दादानं लावलेल्या गुलाबाचं रोप. मुळाशी तुमच्या परसातल्या मातीचा गोळा, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. वहिनीशिवाय कोण ठेवणार? पण का ठेवलं? मायेनं, की घ्या तुमच्या भावाचं आणि सुटा, म्हणून? मला आजवर उमगलं नाही. म्हणून टाकवलंही नाही, आणि मिळालं म्हणून कळवलंही नाही. रोज पाणी घालते.

बाईंसाठी सोबत कबुलीचा वेगळा कागद जोडलाय, सहीनिशी. आईला मात्र काही सांगू नकोस.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
आत्या

८ फेब्रुवारी

ती. वन्संना,
नमस्कार.

भिंगरीनं मला काही सांगितलं नाही. फक्त प्रबंधाचं एक पान तपासायला दिलं. मी कसली तपासणार? त्यात लिहिलंय, दोन्ही विषाणू एकाच परसातले, नऊ वर्षांपूर्वी रोपाच्या मुळाशी एक दूर गेला, सात अक्षरं तेवढ्या काळात बदलली असावीत. बाईंनी ते पान ठेवलं, तिच्या पाठीवर हातही ठेवला म्हणे.

मला त्यातलं एवढंच कळलं, की गुलाब जगला. मी समजत होते, तुम्ही तो वाटेतच टाकला. इथलं झाड त्याच उन्हाळ्यात वाळलं. नुसती माती उरली.

त्या दिवशी कुणाला कळवलं, कुणाला राहिलं, मला आजही आठवत नाही. रोप बांधताना मनात काय होतं, तेही विचारू नका, मला खरंच सांगता यायचं नाही. फडकं ओलं हवं, एवढंच सुचत होतं.

एक फांदी पाठवा. नको, टपालात वाळेल. गुडघा बरा झाला की तुम्हीच घेऊन या, मातीसकट.

तुमची वहिनी