पित्ताचा त्रास

धाकट्या,

"ही बाई सारखी माझ्या पाळतीवर असते," असं सकाळी भिंतीकडे तोंड करून पुटपुटलास. ऐकलं मी. असतेच पाळतीवर! दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठे भरते ते शोधत काल वाचनालयामागच्या त्या खोलीत जाऊन आले. तिथल्यांना वाटलं, पिणारी मीच. खुर्ची दिली, चहा दिला, म्हणाले, "बोला ताई, मनमोकळं बोला." आणि मी काय बोलले? "भावाला पित्ताचा त्रास आहे." घरी येणाऱ्या प्रत्येकाला आपण सांगतो, तेच! एक टकले गृहस्थ हसले, "आम्हा सगळ्यांना तोच होता." मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझाच संताप आला मला, तुझा तर विचारूच नकोस.

शिडीवर चढून विजेच्या तारा जोडणारा माणूस तू, आणि सकाळी तुला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. एक दिवस तारेला चिकटशील.

जेवण झाकून ठेवलंय. मुकाट्याने खा आणि संध्याकाळी तिथे जा. मी बाहेर उभी राहीन, आत येणार नाही. आत जे सांगायचं होतं ते इथेच लिहून देते, कारण काल माझी जीभ रेटली नाही: तू दारुडा झालायस.

ताई