खिंड ओलांडून आलेली रजई

अब्बा, आज तुमची रजई उन्हात टाकली आहे. रांजणगावच्या आमच्या गच्चीवर मी तिच्या शेजारीच बसले आहे, खाली कंपनीच्या बसचे हॉर्न चालू आहेत. लाल साटीन विटून गुलाबी झालं, पण तुमचे टाके जागचे हललेले नाहीत. कोपऱ्यातला मातीचा डागही आहे तसाच आहे. मघाशी शेजारीण म्हणाली, "एवढी जुनी कशाला सांभाळायची?" मी म्हटलं, "ही हिमालयात जाऊन आलीय." तिला वाटलं मी थट्टा करतेय. तिला समजावत बसण्यापेक्षा तुम्हालाच लिहावं म्हटलं.

शिरूरच्या पेठेतलं आपलं गाद्या-रजयांचं दुकान आठवलं की मला आधी तुमच्या भुवया दिसतात, कापसानं पांढऱ्या झालेल्या. गिऱ्हाइकाशी तुम्ही तास तास बोलायचात, आणि आमच्या वाट्याला मोजके शब्द. मी दहावी झाले तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरं झालं." कंपनीत लागले तेव्हा, "बस चुकवू नको." तोंडावर कौतुक केलं की पोर शेफारतं, हा तुमचा कायदा. मला मात्र तुमच्या तोंडून एकदा तरी 'शाब्बास' ऐकायचं होतं. डोंगर चढायची हौस होतीच, पण खरं सांगायचं तर त्या शाब्बासकीची भूक जास्त होती. म्हणून कंपनीतली काही माणसं पुण्याच्या ग्रुपबरोबर हिमालयातली एक खिंड ओलांडायला निघाली, तेव्हा घरी विचारायच्या आधीच मी नाव देऊन आले.

घरी सांगितलं तेव्हा तुम्ही दुकानात रजईला टाके घालत होतात. झोपायची पिशवी आपली आपण आणायचीय, तीन बाजूंनी शिवलेली असते, असं मी समजावत होते. अम्मी कपाळावर हात मारून म्हणाली, "लग्नाची पोर डोंगरात जाऊन निजणार? लोक काय म्हनतील?" तुम्ही उठलात. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा लाल साटीनचा तागा काढलात आणि सरळ कात्री लावलीत. अम्मी किंचाळली, "अजी, ते कापड तिच्या लग्नाचं हाय!" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "रजई तिचीच हाय ना? आधी डोंगरावर जाईल, मंग सासरी."

आणि केलीत ती लग्नाचीच रजई, फक्त तीन बाजू शिवून! मधोमध टाक्यांचं फूल, कडेनं वेलबुट्टी. तिथं थंडी जास्त, म्हणून कापूसही जास्त. रजईवाल्याला दुसरं काय सुचणार? ती अर्ध्या पोत्याएवढी जड झाली तरी मी चकार शब्द काढला नाही. तुम्ही डोळे मिटून तिच्यावरनं तळवा फिरवत होतात, कुठं गाठ राहिली का ते बघत. तेव्हा कोण बोलणार?

पहिल्याच मुक्कामी सगळ्यांनी कलिंगडाएवढ्या पिशव्या बाहेर काढल्या. मी सुतळी सोडली आणि लाल साटीन फसकन फुगून बाहेर आलं. जी खसखस पिकली म्हणता! आमचा लीडर पहाडी माणूस. तो म्हणाला, "ये शादी की रजाई किसकी है?" मी म्हटलं, "मेरी. पहले पहाड़, फिर शादी." तोही हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, ही इथंच ठेव, मी दुसरी देतो, एवढं ओझं घेऊन खिंड चढता येत नाही. मी नाही म्हटलं. "उठा सकती हो तो ले चलो," तो म्हणाला, "रास्ते में फेंकने नहीं दूँगा."

उचलली, अब्बा. साटीन इतकं गुळगुळीत की उतारावरच्या तंबूत मी रोज घसरत जायची आणि सकाळी दाराशी सापडायची. कापूस दमट व्हायचा, मग ऊन दिसलं की खडकावर पसरून तुमच्यासारखी काठीनं झोडपायची. हळूहळू लोक हसायचे थांबले. खिंडीच्या दिवशी गुडघाभर बर्फ होतं, दर पावलाला थांबावं लागत होतं. लीडर मागं वळून म्हणाला, "लाओ, मैं लेता हूँ." मी मानेनंच नाही म्हटलं. वर पोहोचले तेव्हा बसायला कोरडी जागा कुठंच नाही, सगळा चिखल आणि दगड. मी रजई पसरली. पहिल्या दिवशी हसलेले सगळे तिच्यावर दाटीवाटीनं टेकले. हा डाग तिथला आहे. मला वाटलं, आपल्या दुकानात पाहुणे आलेत. मी रडले, आणि मला स्वतःचा अभिमान वाटला.

खाली उतरल्यावर एका एसटीडी बूथवरनं दुकानात फोन केला. "अब्बा, खिंड पार केली. रजई लई ऊबदार." तुम्ही विचारलंत, "ओली तर न्हाई ना केलीस?" झालं, फोन संपला.

परत आले तेव्हा तुम्ही तरी काय केलंत? रजई पाठीवरनं उतरवून घेतलीत, तळवा फिरवलात, म्हणालात, "टाका तुटला न्हाई." पुढं लग्नाच्या वेळी शिवण उसवून तिची खरी रजई केलीत. अम्मी डाग धुवायला निघाली तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे."

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक सांगून टाकते. डोंगरावरनं परत आले त्या दिवशी दुकानात शिरायच्या आधी मी बाहेर टांगलेल्या गाद्यांच्या आड उभी होते. आत निमोण्याचे आप्पा गादी न्यायला आले होते आणि तुम्ही सांगत होतात, "आवो आप्पा, कंबरंएवढं बरफ! पोरीनं माझी रजई घेतली आन् सगळ्यांच्या म्होरं चढली. वाघीन हाय, शाब्बास म्हनावं लागंल." आप्पा म्हणाले, "व्हय?" तुम्ही म्हणालात, "मंग!" बर्फ गुडघ्याएवढंच होतं, आणि मी सगळ्यांच्या मागं होते. पाठीवरच्या ओझ्यानं खांदे तुटत होते, तरी तुमचं सगळं सांगून होईपर्यंत मी हलले नाही. मग दबक्या पावलांनी कोपऱ्यापर्यंत मागं गेले, आणि आत्ताच आल्यासारखी चपला वाजवत आले.