पाटात उभं राहून दिलेला शब्द

जामनेर
माघ वद्य पंचमी

प्रिय लीलाधर,

तुझं पत्र धरणगावला पडून होतं, तेव्हा मी भडगावला होतो. आता इथं बाजारात धान्याच्या वजनकाट्याशेजारी लुडबुड करतो आणि शेवंताबाईच्या खाणावळीत जेवतो. काय ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करते बाई! पण वाढता वाढता रोज विचारते, तुले मायबाप हायेत का नाही? असो, भलतीकडंच निघालो.

सबनीस सरांचं वर्षश्राद्ध आलंय, धुळ्याला सगळे जमणार आहेत आणि मी त्यांचा लाडका म्हणून मी बोलावं, असं तू लिहितोस. लाडका होतो खरा. कॉलेजातली प्रोफेसरी सोडून आलेला तो माणूस, आपल्यासारख्या अर्धवट शिकलेल्या पोरांना बाग आखायला शिकवायचा. आठवतं, भर दुपारी आपल्याला लिंबाखाली आडवं झोपवून मग सावलीची कड चुन्यानं आखायला लावायचे? उन्हाळ्याची एक रेघ, हिवाळ्याची एक, मग म्हणायचे, आता बाक कुठं ठेवायचा ते सांग. आजही मी कुठल्याही झाडाखाली आधी सावली बघतो, मग टेकतो. एवढं माझ्या बापानं, आबांनीही मला शिकवलं नाही.

आबा आमच्या गावचे पाटकरी. पांझरा नदीचं पाणी पाटातून आलं की कुठल्या फडाला, म्हणजे शेतांच्या कुठल्या पट्ट्याला आधी, कुठल्याला मागून, ते त्यांनी वाटायचं. गावानंच नेमलेलं काम, म्हणून मान मोठा. सरांना बागेचं काम देणाऱ्या शेटचा बंगला आमच्याच गावात, तिथल्या बागेत त्यांना तळं करायचं होतं आणि आमच्या पाटाला तोंड फोडायचं होतं. गाव तयार नव्हतं. आमच्याकडं पाण्याचा शब्द पाटात उभं राहून, ओंजळीत पाणी घेऊन देतात आणि दर फडाचा एक माणूस साक्षीला असतो. सरांनी जोडे काढले, धोतर खोचलं, पाण्यात उतरले. आबांना म्हणाले, "पुनाभाऊ, दिवाळीनंतर या पाटातला थेंबही बागेत जाणार नाही." आबांनी साक्षीदार बोलावलेच नाहीत. पोराचा गुरू, त्याच्यावर साक्षीदार कसले ठेवायचे? काठावर तू आणि मी, दोघंच.

माघात बागेतलं कारंजं उडायला लागलं आणि पाटाच्या शेपटाला, शेवटच्या फडातला ऊस करपला. गाव बंगल्यावर गेलं. सर व्हरांड्यात आले, तसेच शांत, आणि म्हणाले, "मी असा शब्द दिला नव्हता. पाटकऱ्याचा गैरसमज झाला असेल." मी तुझ्याकडं पाहिलं. तू खाली बघत होतास.

त्यानंतर त्या शेवटच्या फडातले अभिमननाना चावडीत सगळ्यांसमोर बोलले, "पुना, तुना पोर्‍या बाग शिकना, आमना बठ्ठा ऊस वाळना." लोक हसले. पोराच्या नोकरीसाठी आबांनी पाणी विकलं, असं ठरलं. पाटकरीपण गेलं. पुढं सरांनी तुला हाताखाली घेतलं, आज त्यांच्या जागी तू शिकवतोस. त्याचं मला काही वाटलं नाही, असं लिहिलं तर खोटं होईल.

सरांवर रागावून मी किती गावं पालथी घातली! पण मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही आणि गंमत अशी, की तुझं पत्र वाचून मी रडलो. हे सगळं तुला माहीत आहे, तरी लिहितोय, कारण मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. आबा थकलेत. पाटावर जात नाहीत. मला म्हणाले, "झुलाल, मी तो शब्द खरंच ऐकला होता ना रे?" लीलाधर, त्यांना स्वतःचाच भरवसा राहिला नाही. माझी साक्ष गाव मानत नाही, मी त्यांचा मुलगा. उरलास तू एकटा. श्राद्धाला आमच्या गावच्या लोकांना बोलाव आणि त्यांच्यासमोर तू काय ऐकलंस ते सांग. मग मी उठेन आणि सरांबद्दल चांगलं बोलेन. त्यासाठी मला खोटं बोलावं लागणार नाही. तुला जमणार नसेल तर तसं कळव. मी आबांना सांगेन की लीलाधर भेटलाच नाही.

वाट बघणारा, अजून तुझाच
झुलाल