टोपीवाला इसम

१४ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. वास्तविक माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. आपल्या चाळीच्या समितीने जिन्याच्या वळणावर मोठा गोल आरसा बसवलाय, कोण वर जातं ते खालून दिसावं म्हणून. त्यात माझं टक्कल दिवसातून सहा वेळा मलाच दाखवलं जातं. दाद मागायची तर चिटणीसाकडे, म्हणजे माझ्याकडेच.

हो, अजून मीच चिटणीस. आल्यागेल्यांची नोंदवही सुरू झाली तेव्हा तू समिती सोडलीस, आणि मी "आत राहून सुधारतो" म्हणत तुझ्या खुर्चीत बसलो. दोन वर्षांत सुधारणा एवढीच, की वहीला पुठ्ठा चढला.

आता पाळी आलीय दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सची. एकटी राहते, ड्यूटीच्या वेळा वेड्यावाकड्या, खोली समितीच्या मालकीची. रविवारी बैठकीत तिच्या समोरच्या दारातल्या निवृत्त ओव्हरसियरने वही वाचून दाखवली. "टोपीवाला इसम. सकाळी सात. दहा मिनिटे. फक्त पाठ दिसली." अशा अकरा नोंदी.

"सभ्य माणूस टोपी कानापर्यंत ओढेल का?" तो म्हणाला.

"आणि दहा मिनिटांत असं काय उरकतं हो?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

सगळे हसले. मीही हसलो, ताई.

महिनाअखेर खोली रिकामी करावी, असं ठरलं. नोटीस मी लिहिली. अक्षर माझं बरं आहे ना.

तेव्हापासून मला सगळ्यांचाच संशय येतो. काल ओव्हरसियर म्हणाला, "काय, हल्ली सकाळी दिसत नाही?" तो नुसतं विचारत होता की जाळं टाकत होता, यात माझा अख्खा दिवस गेला. हिने टोपी धुवायला टाकली, तर ती मी बादलीतून काढून ओलीच कपाटात कोंबली.

तर, तो इसम मी. पायांना मुंग्या येत होत्या, डॉक्टरांनी अकरा इंजेक्शनं सांगितली, ती तिने एक पैसा न घेता दिली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "काका, जिना चढून यायला टोपी कशाला?" म्हटलं, सर्दी झालीय. सर्दी कसली. तिच्या दारात दिसलो तर खुर्ची जाईल, एवढंच.

नोटीस तिच्या दाराखाली सरकवायचं काम माझ्याचकडे होतं. आज सकाळी ती फाडली. वहीतल्या अकराही नोंदींपुढे "खोली क्रमांक तीन, चिटणीस, इंजेक्शनसाठी" असं लिहून सही केली. राजीनामा मात्र दिलेला नाही. मला काढायचं तर ठराव लिहावा लागेल. बघू कोण लिहितं ते.

मग उघड्या डोक्याने वर गेलो. तिचे आभार मानायचे राहिले होते. ते दारातच उभं राहून मानले, समोरच्या दाराला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

उशिरा का होईना, तुझाच
धाकटा