खाटेखालचं टिकल्यांचं खोकं

माय, तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊनही आता पंधरा-सोळा वर्षं झाली. तरी हे तुलाच लिहिते आहे, कारण जे विचारायचं आहे ते दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही. दुपार आहे. शेलूबाजारचा बाजार काल होऊन गेला, त्यामुळे आज दुकानाकडे कोणी फिरकत नाही. हायवेवरून गाड्या जातात तेवढाच आवाज. माझी सून आत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली आहे. दोन दिवस झाले, ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तू हिला पाहिलं नाहीस. तुझ्या नातवाची ही बायको. नातूही आता नाही, हे तुला सांगायचं राहिलंच होतं. मोटरसायकलवर गेला, दोन वर्षांपूर्वी. घरात आता आम्ही दोघी, आणि पुढच्या खोलीत दुकान.

दुकान तुला माहीत आहे. माझा नवरा गेला तेव्हा तूच म्हणाली होतीस, "रडाले मागची खोली ठेव, पुढची लोकायले दे." तेव्हापासून बांगड्या, टिकल्या, मेंदीचे कोन, केसांचे रबर, साबण असं सगळं विकते. एका कंपनीच्या टिकल्या आपल्याकडे फार चालतात. त्या कंपनीनं दोन महिन्यांपूर्वी एक जाहिरात काढली. एक तरुण बाई पहिल्यांदा नोकरीवर निघते, कपाळ मोकळं, नवरा वारलेला. दारात सासू तिला थांबवते आणि आपल्या कपाळाची टिकली काढून तिला लावते. बस, एवढंच. मोबाइलवर सगळ्यांनी पाहिली. मग आमच्या बायकांच्या ग्रुपवर निरोप फिरायला लागला की ह्या टिकल्या घेऊ नका, विकू नका, बहिष्कार टाका. मागच्या गल्लीतली मास्तरीण, जिच्या शब्दावर अर्ध्या बायका चालतात, ती स्वतः दुकानात आली.

"काय वं, अजून लटकवूनच राह्यली का हे?"

"टिकल्याच आहेत ना बाई," मी म्हटलं.

"टिकल्या नोहोत ह्या. आमच्या सौभाग्याचा तमाशा मांडला त्यायनं. आज टिकली लावतेत, उद्या मंगळसूत्र घाला म्हणतीन." मग तिला एकदम लक्षात आलं की आपण कोणासमोर बोलतोय. "तुले नाई म्हणत मी. तुह्यं येगळं."

माझं काय वेगळं ते तिनं सांगितलं नाही. तिच्या कपाळावर त्याच कंपनीची मरून टिकली होती. पोळ्याच्या आधी मीच दिलेली. हसू येत होतं, पण हसले नाही. ती गेल्यावर सगळी पाकिटं खाली उतरवली, खोक्यात भरली आणि खोकं खाटेखाली सरकवलं. भांडण नको म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? सुनेच्या डोळ्यांसमोरून त्या टिकल्या गेल्या, याचंही मला थोडं बरं वाटलं होतं. ती जाहिरात ती पुन्हा पुन्हा पाहत होती. आवाज बंद करून पाहायची.

पंधरा दिवसांनी कंपनीनं जाहिरात मागे घेतली, माफी मागितली. मला वाटलं, झालं. खोकं ओढून पाकिटं परत लटकवली. त्याच दिवशी तुझ्या नातीचा, भावाच्या पोरीचा, अमरावतीहून फोन. ती तिथं कॉलेजात आहे.

"आत्या, त्या टिकल्या विकू नको हं आता. माफी मागितली त्यांनी."

"मग बरंच झालं ना पोरी."

"काय बरं झालं? बायकांच्या बाजूनं उभे राह्यले, अन् दोन शिव्या पडल्या की पळाले. आमच्या होस्टेलच्या सगळ्या पोरींनी बंद केल्या."

"अवं, त्या बी बंद करा म्हणतात, तू बी बंद करा म्हणतेस. मग लावायच्या कोणी?"

"आत्या, तू समजूनच नाही घेऊन राह्यली."

खरं आहे, मला समजत नाही. मी पेपर वाचते, हाती येईल ते पुस्तक वाचते, तरी समजत नाही. एकीला कंपनी जास्त बोलली म्हणून राग, दुसरीला ती गप्प बसली म्हणून राग. दोघीही माझ्या, दोघींना नाही म्हणता येत नाही. पाकिटं पुन्हा खोक्यात गेली. मंगरूळपीरहून माल आणणारे चाचा आले तेव्हा त्यांना विचारलं, परत घ्याल का. ते चहा पीत म्हणाले, "ताई, जाहिरात टीव्हीवर, झगडा मोबाइलमधी, अन् माल माझ्या गोदामात. टिकलीनं कोणाचं काय बिघडवलं, सांगा बरं?" मी त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

हा शब्द, बहिष्कार, मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. आपल्या वस्तीतल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायला नाही म्हटलं, आणि गावानं आपल्याला वाणसामान बंद केलं. बहिष्कार म्हणजे दुसऱ्यानं आपल्यावर टाकायची गोष्ट, एवढंच मला तेव्हा कळलं. आपण विकत घ्यायचं नाही असं ठरवू शकतो, हे कळायला किती वर्षं लागली. तू रोज मजुरी करून आल्यावर दुसऱ्या गावापर्यंत चालत जायचीस आणि पदराच्या गाठीत मिठाची पुडी बांधून आणायचीस. पुडीचा कागद मात्र सांभाळून माझ्या हातात द्यायचीस. दुसरीतून शाळा सुटली होती माझी, पण त्या कागदांवरची अक्षरं लावता लावता मी वाचायला शिकले. लोक विचारतात, घरी बसून कशी शिकलीस. काय सांगू, मिठानं शिकवलं.

त्या दिवसांतलीच एक दुपार आहे. वाण्याच्या घराच्या मागच्या दारातून त्याची बायको मला खुणेनं बोलावते. पानाच्या तुकड्यात गुंडाळलेला गुळाचा खडा हातात देते, तोंडावर बोट ठेवते. मी पळत घरी येते, तुला दाखवते. तू गुळाकडे पाहतेस, मग माझ्याकडे. मला वाटतं तू तोंडात घालशील, अर्धा मला देशील. तू माझं मनगट धरून परत त्या मागच्या दारापर्यंत नेतेस आणि माझ्याच हातानं तो गूळ परत द्यायला लावतेस. ती बाई रडकुंडीला येते. वाईट नव्हती ती. मी वाटभर भोकाड पसरते. तू एकदाच बोलतेस, "दुकान पुढून उघडन तवा जाऊ. मागून नाई." किती दिवसांनी ते पुढून उघडलं ते आठवत नाही. उघडलं त्या दिवशी तू मला अंघोळ घालून, वेणी घालून, भर गर्दीत पुढच्या पायरीवर नेलंस, एवढं आठवतं.

म्हणून मला तुझा तो दुसरा दिवस समजत नाही, माय. माझा नवरा गेला तेव्हा बायका जमल्या. बुद्धविहारातले एक जाणते गृहस्थ दाराशी उभे होते, ते म्हणाले, "आपल्यात हे नसते, कोणी बांगड्या फोडू नका." बायका थबकल्या, एकमेकींकडे पाहायला लागल्या. आणि तू उठलीस. पदराचं टोक पाण्यात बुडवलंस आणि माझं कपाळ पुसलंस. कोणी सांगितलं नव्हतं तुला. तुझं स्वतःचं कपाळ तर कोणाला पुसताच आलं नव्हतं. दोन भुवयांमध्ये लहानपणीच गोंदलेला तो हिरवा ठिपका, बा गेल्यावरही तसाच राहिला, तुझ्याबरोबरच गेला. गावाला नाही म्हणणारी तू, त्या दिवशी कोणाला भ्यालीस? की तुला वाटलं, पुसलं तर जाणारच आहे, मग दुसरीच्या हातानं कशाला, आपल्या हातानं जाऊ दे? मी तुला तेव्हा विचारलं नाही. नंतर तू सहा-सात वर्षं होतीस, तेव्हाही विचारलं नाही. दोघी मिळून तांदूळ निवडायचो, हवापाण्याचं बोलायचो.

आता सुनेचं सांगते. तिच्या भावाचं पुढच्या महिन्यात मंगरूळपीरला लग्न आहे. तिच्या आईचा फोन आला, ये, पण हळदीच्या वेळी जरा बाजूला राहा, पाहुणे नावं ठेवतात. तिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "मी नाई जात." सव्वीस वर्षांची पोर आहे. एकुलता एक भाऊ. या भावाला तिनं बोट धरून शाळेत नेलं आहे. दोन दिवस मी विचार केला आणि मग परवा दुकान बंद करायच्या आधी खोक्यातून एक पाकीट काढलं, बारक्या, काळ्या, दिसतील न दिसतील अशा टिकल्यांचं. जुन्या पेपरच्या तुकड्यात गुंडाळलं, स्वयंपाकघरात जाऊन तिच्या हातात कोंबलं आणि हळूच म्हटलं, "ठेव तुह्याजवळ. कोणाले सांगू नको."

तिनं कागद उघडला.

"हे लावू कवा मी, आई? झोपतानी?"

मी पातेल्यावरचं झाकण सरळ केलं.

"दुकानात लटकवाले भेता तुमी. अन् मले चोरून देता. लग्नात लावून गेली अन् कोणी इचारलं तर काय सांगू? सासूनं कागदात बांधून देलं?" मग आवाज न चढवता म्हणाली, "त्या दिवशी बाया माह्यं कपाळ पुसत होत्या तवा मी तुमच्याकडं पाह्यलं होतं. तुमी भिंतीकडं तोंड केलं."

पाकीट तिनं ओट्यावर ठेवलं आणि भाकरी थापायला बसली. माय, मी तिथं उभी होते आणि मला गुळाचा तो खडा दिसत होता. मागच्या दारातली ती बाई आता मीच होते, तोंडावर बोट ठेवणारी. खरं सांगते, मुलगा गेला त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड केलं तेव्हा मला वाटलं होतं की मी तुझ्यापेक्षा बरी, मी माझ्या हातानं तर पुसलं नाही. आता वाटतं, तू निदान माझ्याकडे पाहत होतीस.

कोणाची जाहिरात बरोबर, कोणाचा बहिष्कार बरोबर, हे मला अजूनही लावता येत नाही. मास्तरणीला तिची टिकली जपायची आहे. भावाच्या पोरीला न डगमगणारी कंपनी पाहिजे. दोघींनी माझ्या सुनेला मात्र काही विचारलं नाही. मीही कुठे विचारलं होतं? काल सकाळी विचारलं. अंगणात ती केस वाळवत होती. "तुले काय पायजे?" असं सरळच विचारलं. तिनं उघड्या दारातून आतल्या भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे पाहिलं. म्हणाली, "आजीसारखं गोंदून घेऊ का? ना कंपनी, ना पाकीट. कोणी काढाले आलं तरी निघत नाई."

"दुखते वं ते," मी म्हटलं.

"दुखू द्या," ती म्हणाली आणि केसांची गाठ मारून आत गेली. तेव्हापासून पुन्हा कामापुरतं बोलणं.

आज सकाळी मी टिकल्यांचं खोकं बाहेर काढलं आणि सगळी पाकिटं पुढच्या तारेला लटकवली. मास्तरीण येईल, बोलेल. अमरावतीहून फोन येईल. ज्यांना नको असतील त्या घेणार नाहीत, तो त्यांचा हक्क आहे. हा कागद मी त्या रिकाम्या खोक्यात ठेवून खोकं पुन्हा खाटेखाली सरकवीन. दुसरीकडे पाठवायचा तरी कुठे?

एक गोष्ट मात्र सुनेला अजून सांगितली नाही. काल बाजारात मशीननं गोंदणारा बसला होता, त्याच्यासमोर मी जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "काय मावशी, नातवाचं नाव काढायचं का हातावर?" मी नाही म्हटलं. त्याला एवढंच विचारलं की म्हाताऱ्या कपाळावर ते नीट उमटतं का, आणि पुढच्या बाजारी दोघींचं एकदमच होईल का.